मंगळवार मोकळा ठेव

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

एमबीबीएस प्रवेशाच्या तिसऱ्या फेरीच्या यादीतही तुझे नाव लागले नाही, हे तुझ्या आईने फोनवर सांगितले. त्याच रात्री शेवटचा रुग्ण गेल्यावर तू पाठवलेले वेळापत्रक मी दवाखान्यातच बसून वाचले. पहाटे पाच ते रात्री अकरा, जेवणाला वीस मिनिटे, रविवारी टेस्ट, भौतिकशास्त्राला हिरवा रंग, रसायनशास्त्राला पिवळा. खाली एकच प्रश्न: ‘मावशी, हे वर्ष कसे घालवू?’ अकरा गुण कमी पडल्याने कोणी मूर्ख ठरत नाही, हे तुला कळते, म्हणून त्यावर शाई खर्च करत नाही. मला राग आला तो त्या रंगीत चौकोनांत एकही माणूस नाही म्हणून. तुझे आजोबा मार्चपासून मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला जातात, तुझे बाबा अर्धी रजा टाकून त्यांना नेतात, आणि डॉक्टर व्हायला निघालेली मुलगी त्या वेळी दार लावून उत्सर्जन संस्थेवरचे प्रश्न सोडवत असते.

मंगळवार मोकळा ठेव. आजोबांना तू ने आणि चारही तास त्यांच्या खाटेजवळ बस. मला सांगायचे आहे ते एवढेच. पुढचे सगळे त्याचे स्पष्टीकरण आहे.

तुझ्या घरच्या वादांचा निकाल आधी लावते. आयुर्वेदाची ओढ असेल तर बीएएमएस जरूर घे. एमबीबीएसचे दार उघडले नाही म्हणून घेणार असशील तर घेऊ नकोस, कारण साडेचार वर्षे आणि वर एक वर्षाची इंटर्नशिप मन मारून करता येत नाही. परदेशातून पदवी आणली तरी इथे पुन्हा पात्रता परीक्षा द्यावी लागते, हे काकांना एकदा नीट समजावून सांग. ‘नीट’ या प्रवेश परीक्षेला वरच्या वयाची अट नाही आणि किती वेळा बसावे याचीही मर्यादा नाही, तेव्हा ‘वर्ष वाया गेले’ म्हणणाऱ्या आत्याला चहा द्यावा आणि विषय बदलावा. शिकवणीसाठी लातूरला जायचे की घरी राहायचे, हे मात्र माझ्या मते मंगळवारवरून ठरते. गेलीस तर मंगळवार गेला.

लातूरबद्दल मी ऐकीव बोलत नाही. 2003 साली मीही तिथे रिपीटर बॅचला, म्हणजे परीक्षा पुन्हा देणाऱ्यांच्या वर्गाला, होते. तेव्हा नीट नव्हती, राज्याची सीईटी होती. दोनशे गुणांची, त्यातले शंभर जीवशास्त्राचे. एका खोलीत आम्ही तिघी, कॉट बेसिसवर. बाबांनी पतसंस्थेचे कर्ज काढून फी भरली होती. त्या पावसाळ्यात घरी आजीला पक्षाघात झाला आणि तिची उजवी बाजू गेली. मला दिवाळीला चारच दिवसांची सुटी होती. घरात पाऊल टाकताच उटण्याच्या वासाखालून एक दुसरा, गोडसर कुजका वास आला. आईने आजीला कुशीवर वळवले तेव्हा कमरेखाली माकडहाडाजवळ तळहाताएवढी जखम दिसली. आई दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा गजर लावून, तिला कूस बदलून देत होती. मी दारात उभी राहून ते पाहिले आणि माडीवर जाऊन वनस्पतिशास्त्राची वही उघडली. आईने हाक मारली नाही. पाडव्याच्या संध्याकाळी मी परतीची एसटी पकडली. आजी माघात गेली. मला ते सराव परीक्षा संपल्यावर कळवण्यात आले.

गुण उत्तम पडले. प्रवेश मिळाला. दोन वर्षांनी शल्यचिकित्सेच्या वॉर्डात सरांनी शय्याव्रणांचे, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्यांना होणाऱ्या जखमांचे, टप्पे विचारले आणि मी चारही टप्पे न अडखळता सांगितले. सरांनी विचारले, ‘कधी पाहिलं आहेस?’ मी म्हणाले, ‘नाही सर.’

त्या उत्तराला आता जवळजवळ वीस वर्षे होत आली. मी निर्दय मुलगी नव्हते, हे तुला सांगावेसे वाटते. डोक्यावर कर्ज होते, बाबांनीच ‘तू अभ्यासाचं बघ’ म्हणून बजावले होते, आणि खोलीतल्या दुसऱ्या दोघी तर दिवाळीलाही घरी गेल्या नव्हत्या. सगळे खरे आहे. तरीही आईबरोबर चार रात्री मला जागता आले असते. चार रात्रींनी सीईटी बुडाली नसती.

आता तुझा हिशोब. नीट मे महिन्यात आहे; म्हणजे साधारण तीस मंगळवार, एकशेवीस तास. तू म्हणशील की एवढ्या वेळात पूर्ण भौतिकशास्त्राची उजळणी होते. होत नाही, मुली. चौदा तासांचे वेळापत्रक करणाऱ्या मुली दुपारी दोन ते चार पुस्तकावर पेंगतात. त्यातली एक मी होते. आठ तास जाग्या डोक्याने बस. एकशेऐंशी प्रश्नांत नव्वद जीवशास्त्राचे असतात, तेव्हा एनसीईआरटीची पुस्तके ओळ न् ओळ वाच, चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही ठेव, आणि मंगळवार मोकळा ठेव.

तिथे जाताना पुस्तक नेऊ नकोस. अकरावीच्या पुस्तकात डायलिसिसवर एक परिच्छेद आहे: धमनीतून रक्त काढायचे, ते गोठू नये म्हणून त्यात हेपॅरिन मिसळायचे, सेलोफेनच्या नळीतून फिरवायचे आणि शिरेतून परत सोडायचे. तिथे गेल्यावर दिसेल की दोन्ही सुया आजोबांच्या एकाच हातात आहेत आणि सेलोफेनच्या वेटोळ्याच्या जागी केसासारख्या हजारो पोकळ तंतूंनी भरलेली नळी आहे. त्यांच्या मनगटाजवळ, फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडली आहे तिथे, हलकेच बोट ठेव; मांजर गुरगुरताना तिच्या पाठीवर हात ठेवल्यासारखी थरथर लागेल. त्या हाताचा रक्तदाब का मोजू देत नाहीत, ते तिथल्या तंत्रज्ञाला विचार. आजोबा तहान लागली की चूळ भरून पाणी टाकून देतात, ते तू पाहिले आहेस का? नारळपाणी त्यांना का चालत नाही, ते तुला पोटॅशियमच्या निमित्ताने पाठ असेल. पण ते एके काळी नारळाच्या बागेत राहिलेले गृहस्थ आहेत, आणि त्यांना ‘नाही’ कसे म्हणायचे हे कोणत्या प्रकरणात दिले आहे?

2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद शिकवण्यासाठी वेगळे तास ठेवले आहेत. चांगले केले. पण माझ्याकडे येणारी इंटर्न मुले हुशार असूनही रुग्णाच्या खाटेजवळ उभ्या उभ्याच बोलतात, एक पाय दाराकडे ठेवून. मी त्यांना स्टूल पुढे करते तेव्हा त्यांना वाटते की मी दमले आहे.

मी जरा जास्तच ताणते आहे, असे तुझी आई म्हणेल. म्हणू दे. तू दुसऱ्यांदाही अकरा गुणांनी राहिलीस तर तिने दोष मला द्यावा. तो मी घेईन, आजीच्या बाबतीतला दोष घ्यायला तेव्हा पुढे झाले नाही, हा तरी घेईन.

तुझे नवे वेळापत्रक मला नको. येत्या मंगळवारी आजोबांचे डायलिसिसआधीचे आणि नंतरचे वजन स्वतः काट्यावर वाचून कळव, आणि मधल्या चार तासांत ते काय बोलले तेही.

तुझी,
डॉक्टरमावशी