पहिली-दुसरीच्या पोरांना प्राण्यांशी नीट वागायला शिकवायचं आहे, रेस्क्यू केलेला कुत्रा वर्गात आणावा का?

आणा ना, पण पूर्ण शाळेसमोर नाही, एका वेळी 10-12च पोट्टे घ्या, नाहीतर कल्ला ऐकूनच कुत्रं बाकाखाली जाऊन बसते. आम्ही मागच्या वर्षी तीन पायांचं एक गावठी कुत्रं आणलं होतं, रेबीजची लस झालेलं, सोबत त्याला सांभाळणारी ताई. पोरांचा पहिला प्रश्न एकच, "याचा पाय कुठं गेला?" अन् तिथूनच अर्धा तास गप्पा रंगल्या, मला भाषण द्यायची गरजच पडली नाही बाप्पा.

हात लावायच्या आधी विचारायचं, अन् कुत्रं तोंड फिरवत असेल, सारखे ओठ चाटत असेल तर ते 'नको' म्हणून राहिलं, हे जरूर शिकवा. चावलं-ओरखडलं तर जखम साबण-पाण्यानं 15 मिनिटं धुवायची, लगेच मोठ्यांना सांगायचं अन् डॉक्टरकडे जायचं, हेही.

एप्रिल-मे विसराच, आपल्याकडच्या 45 डिग्रीत डांबरावर पंजे भाजतात. तान्ह्या पोळ्याच्या आसपास ठेवा, लाकडी बैल सजवताना पोरांना विचारता येते की पोळ्याच्या आदल्या दिवशी खऱ्या बैलाचे खांदे का शेकतात.