मनाली-लेह सायकलवर : गाइडवाली टूर घ्यावी का?

प्रश्न : मी नाशिकची, वय ४६. दर रविवारी ग्रुपसोबत सायकल असतेच, कसारा घाटही चढून झालाय. पुढच्या जुलैमध्ये मनाली-लेह करायचंय. ग्रुपमधली पोरं म्हणतात की रस्ता एकच आहे, चुकायचा प्रश्नच नाही, मग टूरवाल्यांना एवढे पैसे कशाला द्यायचे? तुम्ही टूरसोबत जाऊन आलात, तुमचं काय मत?

उत्तर : ताई, पोरांचं खरं आहे, रस्ता चुकायची भीती अजिबात नाही. पण तिथे गाइड रस्ता दाखवायला नसतोच मुळी, तो असतो तुम्हाला थांबवायला. आपलं महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर, सरचूला तंबूत झोपाल ते ४२०० च्या वर आणि तांगलांग ला खिंड ५३०० मीटरच्या पुढे, म्हणजे तिथे श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन इथल्या जवळपास निम्माच. पाय कितीही तयार असू देत, डोकं ठणकायला लागलं की माणूस हट्टाला पेटतो, "एवढंच वळण, मग बसतो गाडीत" असं म्हणत राहतो. आमचा लीडर लाहौलचा, दिसायला गरीब, पण बारालाचा ला ही खिंड चढताना एका तगड्या गड्याची पावलं जरा तिरकी पडायला लागली तर त्याने काही न बोलता सायकल उचलून गाडीच्या टपावर बांधली आणि त्याला पुढच्या सीटवर बसवलं. गडी चिडला, संध्याकाळपर्यंत बोलला नाही, दुसऱ्या दिवशी मात्र गाटा लूप्सची २१ वळणं त्यानेच आमच्या आधी संपवली. मला विचाराल तर टूरचे पैसे त्या एका कामाचे.

आता टूर निवडताना जेवण काय, तंबू कसला हे नंतर विचारा, आधी मुक्काम कुठे-कुठे ते विचारा. ३००० मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची एका रात्रीत साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असं डॉक्टर सांगतात, आणि जिस्पा ३२०० च्या आसपास, तिथून थेट सरचू म्हणजे हजाराची उडी. मध्ये पत्सेओला एक रात्र टाकतात का, केलाँग नाहीतर जिस्पाला एक दिवस आराम देतात का? "आम्ही कमी दिवसांत करून देतो" असं कोणी कौतुकाने सांगितलं तर लांबूनच नमस्कार.

आणि मजा विचाराल तर ताई, खिंडी लक्षात राहतात हे खरंय, फोटो तिथलेच असतात, पण मला आठवतात ती मोरे मैदानं. पांगहून वर चढलं की रस्ता एकदम सपाट, दोन्ही बाजूंना पिवळे-तांबूस डोंगर, झाड नावाला नाही, लांबवर क्यांग म्हणजे तिथली जंगली गाढवं चरत असतात, आणि तुम्हाला वाटतं चला आता सुटलो, तोच दुपारचा वारा समोरून येतो आणि सपाटीवर घाटाचा गिअर टाकावा लागतो! गाटा लूप्सवर पाण्याच्या बाटल्यांचा ढीग दिसेल, तिथे बर्फात अडकून दगावलेल्या एका ट्रकच्या क्लीनरसाठी लोक पाणी ठेवतात म्हणे. खरं-खोटं देव जाणे, आमच्या ड्रायव्हरने मात्र गाडी थांबवून बाटली ठेवलीच.

सकाळी लवकर निघायचं हे टूरवाले सांगतीलच, ऐका. ऊन चढलं की बर्फ वितळून रस्त्यावरच्या नाल्यांना पाणी वाढतं आणि बूट भिजले की दिवसभर बोटं बधिर.

प्रश्न : उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्सची गोळी घ्यावी का? आणि तयारी काय करू?

उत्तर : गोळीचं माझ्याकडून नको, तुमच्या डॉक्टरांकडून घ्या, सल्फाची अॅलर्जी असेल तर तेही त्यांना आधी सांगा. आणि गोळी घेतली म्हणून चढायची घाई करायची नाही. तयारीसाठी कसारा चांगलाच आहे, पण दोन-तीन दिवस सलग सायकल चालवून बघा, एका रविवारच्या दमाचा तिथे उपयोग नाही. आणि जाड हातमोजे न्याच, चढताना घाम येतो पण तांगलांग ला उतरून रुमत्सेला जाताना ब्रेक दाबायला बोटं वळत नाहीत. निघण्याआधी ब्रेक पॅड नवे टाकून घ्या, सोबत एक जोडी जादाची, लेहच्या आधी सायकलचं दुकान सापडेल अशा भरवशावर राहू नका.