वाचकांचे प्रश्न : कारस्थानी पंडित-जादूगार कसा घडवावा?

प्रश्न : आम्ही पाच मित्र रविवारी जमून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन गोष्ट रंगवायचा फाशांचा खेळ खेळतो. पाचव्या आवृत्तीचे २०१४ चे नियम आम्ही वापरतो. गेल्या खेळात मी एक धूर्त, विद्वान जादूगार घेतला होता. मला सगळ्यांच्या दोन पावले पुढे राहायचे होते, म्हणून मी सोबत्यांच्या वस्तू लांबवल्या आणि त्यांच्याशी खोटे बोललो. तिसऱ्या बैठकीनंतर खेळच बंद पडला. नव्या खेळात मला पुन्हा तसेच पात्र घ्यायचे आहे. नियमांच्या आणि स्वभावाच्या अंगाने ते कसे घडवावे? त्याला दुष्ट ठरवणे आवश्यक आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रातील 'सगळ्यांच्या' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण त्यात आपण शत्रूंबरोबर समोर बसलेल्या चार मित्रांनाही धरलेत आणि खेळ मोडला तो तिथेच. जादूगाराचा बेत इतर पात्रांपासून लपलेला असावा. तो खेळाडूंपासून लपवण्याचे मात्र काहीच कारण नाही. पहिल्या बैठकीपूर्वी सर्वांना एकत्र बसवून 'माझे पात्र पत्रे उघडून वाचते, खोटी पत्रे लिहिते, पण पार्टीविरुद्ध, म्हणजे आपल्या गटाविरुद्ध, कधीही काही करत नाही' असे स्पष्ट सांगा, आणि डंजन मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, तर त्याहून अधिक, म्हणजे बेताचा शेवट काय आहे तेही सांगा. नाटकाच्या प्रेक्षकाला कटाची माहिती असली म्हणून त्याची उत्कंठा कमी होत नाही, उलट वाढते. आपले मित्र या नाटकातले नटही आहेत आणि प्रेक्षकही.

आता कॅरेक्टर शीटकडे, म्हणजे पात्राच्या गुणांच्या तक्त्याकडे, वळू. कारस्थानी पात्र म्हटले की अनेकजण करिस्मावर, म्हणजे छाप पाडण्याच्या गुणावर, सगळा भर देतात आणि हाती एक गोडबोल्या भामटा येतो. आपल्याला पंडित हवा आहे, म्हणून विझार्ड (विद्वान जादूगार) हाच वर्ग योग्य, कारण त्याची जादू इंटेलिजन्सवर (बुद्धीवर) चालते आणि त्याची शक्ती एका वहीत लिहिलेली असते. पण येथे एक अडचण आहे, जी नवख्या खेळाडूच्या बहुधा लक्षात येत नाही : विझार्डला ज्या यादीतून कौशल्ये निवडायची असतात तिच्यात डिसेप्शन (फसवणूक) नाहीच, आणि विद्वानांसाठी असलेली 'सेज' ही पार्श्वभूमी अर्काना (जादूविद्या) आणि हिस्ट्री (इतिहास) एवढेच देते. यावर नियमपुस्तकातच उपाय आहे. पार्श्वभूमी स्वतः जुळवण्याची मुभा असल्याने दोन कौशल्ये आणि दोन भाषा किंवा साधने आपल्या पसंतीने घेता येतात. मी अर्काना ठेवून हिस्ट्रीच्या जागी डिसेप्शन घेईन, दोन भाषांऐवजी एक भाषा आणि बनावट दस्तऐवज करण्याचे साहित्य घेईन, आणि विझार्डच्या यादीतून इन्साइट (समोरच्याचे मन ओळखणे) व इन्व्हेस्टिगेशन (तपास) निवडेन. सेजचे संशोधकाचे वैशिष्ट्य मात्र सोडू नका. एखादी गोष्ट ठाऊक नसली तरी ती कुठे आणि कोणाकडे मिळेल हे त्यामुळे बहुधा कळते, आणि कारस्थान रचणाऱ्याला यापेक्षा अधिक काय हवे?

कॉन्स्टिट्यूशनकडे, म्हणजे शरीराच्या काटकपणाकडे, दुर्लक्ष करू नका. विझार्डला पहिल्या पातळीवर सहा आणि कॉन्स्टिट्यूशनच्या आकड्यावरून ठरणारी वाढ-घट एवढेच हिट पॉइंट (घाव सोसण्याची ताकद) मिळतात. तिथे ८ हा आकडा टाकला तर एक वजा होऊन हाती पाच उरतात, आणि एका गॉब्लिनचा एकच घाव बेतासकट पंडिताला आडवा करू शकतो. म्हणून वाटायच्या आकड्यांपैकी १५ इंटेलिजन्सला आणि १४ कॉन्स्टिट्यूशनला द्या.

स्वभावासाठी मी आपल्याला एका खऱ्या माणसाकडे नेतो. योहानेस ट्रिथेमिउस (१४६२–१५१६) हा जर्मनीतील स्पॉनहाइमच्या मठाचा प्रमुख होता आणि त्याने तिथे मोठा ग्रंथसंग्रह उभा केला. दूरच्या माणसाला गुप्त संदेश कसा पोहोचवावा याविषयी तो एक ग्रंथ लिहीत होता. १४९९ मध्ये त्याबद्दल त्याने एका मित्राला पत्र धाडले, पण पत्र पोहोचण्यापूर्वी मित्र वारला, ते पत्र भलत्यांनी वाचले आणि मठाधिपती पिशाच्चे वश करतो अशी बोलवा झाली. तो ग्रंथ, 'स्टेगानोग्राफिया', १६०६ मध्ये छापला गेला. वर पाहता त्यात आत्म्यांना आवाहन करण्याचे मंत्र आहेत. आत मात्र सांकेतिक लिपी आहे. त्यातील तिसऱ्या खंडाचे कोडे तर विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात सुटले. वरवर मंत्र आणि आत पत्र, हे आपल्या पात्राचे बीज होऊ शकते. लोक ज्याला घाबरतात ती त्याची जादू खरे तर त्याच्या लेखणीत आहे, असे समजा.

नियमांत याला नेमका जोड देणारा मंत्र आहे : 'इल्युझरी स्क्रिप्ट'. पहिल्या पातळीचा हा मंत्र दहा सोन्याच्या नाण्यांची शाई खर्चून कागदावर लिहावा लागतो. आपण ठरवलेल्या व्यक्तींना खरा मजकूर दिसतो, इतरांना निरर्थक अक्षरे किंवा आपणच रचलेला दुसराच मजकूर दिसतो, आणि हे दहा दिवस टिकते. तो रिच्युअल (सावकाश विधी म्हणून करता येणारा) असल्याने मंत्रवहीत असेल तर दहा मिनिटे अधिक देऊन स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्र वापरण्याच्या मोजक्या संधींपैकी एक, न वापरता करता येतो. खेळाच्या दृष्टीने त्या दहा दिवसांना फार मोल आहे. बंदरावरच्या जकात अधिकाऱ्याच्या हाती पडणारे पत्र 'गव्हाच्या बारा गोण्या पाठवा' असे वाचले जाईल आणि त्याच कागदावर राजवैद्याला 'राजाचा पेला बदला' हे दिसेल. पण निरोप्या पुरात अडकला आणि अकरावा दिवस उजाडला, तर? आमच्या टेबलावर एका खेळाडूने अशी पत्रे खरोखर कागदावर लिहून आणली होती. वरचा मजकूर काळ्या शाईत आणि खरा मजकूर आतल्या घडीत. तो कागद हातोहात फिरला तेव्हा अर्धा तास कोणीही फासा उचलला नाही.

याउलट समोरच्याला मोहित करणाऱ्या 'चार्म पर्सन' या मंत्रावर विसंबू नका. तासाभराने प्रभाव ओसरताच समोरच्याला आपल्यावर जादू झाली होती हे कळते, आणि धूर्त माणूस मागे साक्षीदार ठेवत नाही. पात्र तिसऱ्या पातळीवर पोहोचले की 'डिटेक्ट थॉट्स' हा मंत्र मिळू शकेल. त्यातही वरवरचे विचार गुपचूप वाचता येतात, पण खोलवर शिरलात तर समोरच्याला ते जाणवते, म्हणून त्याचा वापर फक्त इन्साइटने आलेली शंका पडताळण्यापुरता करा.

दुष्टपणाचा प्रश्न मला सर्वांत जवळचा वाटतो. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकातील चाणक्य आठवा. राक्षस हा नंदांचा निष्ठावंत अमात्य; त्याची मुद्रा हाती येताच चाणक्य राक्षसाच्याच मित्राच्या, शकटदासाच्या, हस्ताक्षरात पत्र लिहवून घेतो, त्यावर ती मुद्रा उमटवतो आणि ते योग्य वेळी राक्षसाचा साथी मलयकेतू याच्या हाती पडेल अशी तजवीज करतो. मलयकेतू आणि राक्षस यांच्यात फूट पडते. एवढ्या खटाटोपाचा हेतू काय, तर त्या बुद्धिमान, स्वामिनिष्ठ शत्रूने चंद्रगुप्ताचे मंत्रिपद स्वीकारावे. साधन कुटिल आहे आणि हेतू राज्य उभारण्याचा आहे, म्हणूनच हे पात्र आपल्याला धरून ठेवते. तेव्हा अलाइनमेंटच्या, म्हणजे सुष्ट-दुष्ट वृत्तीच्या, रकान्यात काय लिहावे याची चिंता सोडा आणि आपल्या पंडिताला काय हवे आहे ते एका वाक्यात लिहा. 'मला सत्ता हवी' हे फार मोघम झाले. 'माझ्या गुरूचे जप्त झालेले ग्रंथ मला राजवाड्यातून सोडवायचे आहेत' असे लिहिलेत, तर प्रत्येक पत्राला आणि प्रत्येक खोट्याला दिशा मिळते, शिवाय मित्रांची पात्रेही त्या ग्रंथांच्या मागे येऊ शकतात.

राजवाड्यातल्या कोणा एका माणसाला आपल्या पंडिताचे खरे हस्ताक्षर ओळखता येते, एवढे मात्र डंजन मास्टरला आधीच सांगून ठेवा; तो माणूस कोण, हे ठरवणे त्याच्याकडे राहू द्या.