बारा हजार फुटांवर छान वाटलं, म्हणून?

प्रश्न : डॉक्टर, मी छंद म्हणून एक इंजिनाचं, चार जणांचं विमान चालवतो. केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नाही. मध्यंतरी ढग टाळून डोंगर ओलांडायचे होते, म्हणून दोन तासांहून जास्त वेळ १२,००० फुटांवर राहिलो. बाहेर गारठा होता, हीटर चालू होता. वर असताना कसलाही त्रास नाही, उलट मजा आली. पण उतरताना रेडिओची फ्रीक्वेन्सी दोनदा चुकीची लावली, विमान धावपट्टीवर आपटलंच म्हणा, आणि डोकं झोपेपर्यंत दुखत होतं. बायको म्हणते, वर असताना मी तिच्या बोलण्याला उत्तरच देत नव्हतो. माझं वय ४६, रोज पळतो, सिगारेट नाही. क्लबमधले जुने वैमानिक सांगतात की तब्येत ठणठणीत असेल तर १४,००० फुटांपर्यंत काही होत नाही. मी उगाच घाबरतोय का?

उत्तर : तुमच्या पत्रातला सर्वांत भरवशाचा साक्षीदार तुमची बायको आहे. तुम्हाला वर काय वाटत होतं, याला मी फारसं महत्त्व देणार नाही, कारण ऑक्सिजन कमी पडला की आधी मंदावतो तो मेंदू, आणि ‘मी ठीक आहे’ हा निकालही तोच देत असतो.

हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. १२,००० फुटांवरही तेवढाच. घटतो तो दाब. समुद्रसपाटीला ७६० मिलिमीटर पारा, तुमच्या उंचीवर साधारण ४८३. त्यातून आणखी एक वजावट आहे. श्वासनलिकेत हवेला पाण्याची वाफ मिसळते आणि तिचा दाब ४७ मिलिमीटर असतो, जमिनीवरही आणि वरही. म्हणजे ७१३ चे २१ टक्के धरले तर सुमारे १५०, आणि ४३६ चे धरले तर जेमतेम ९२. ऑक्सिजनचा जोर दोन तासांहून जास्त वेळ जवळपास साठ टक्क्यांवर आला होता. पळण्याने हृदय आणि स्नायू तयार होतात, हा आकडा बदलत नाही. पहाडात राहणाऱ्यांचं शरीर उंचीला रुळतं, पण त्याला दिवस-आठवडे लागतात. तुम्ही अर्ध्या तासाच्या आत वर गेलात.

मग गुदमरल्यासारखं का झालं नाही? श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. उंचीवर आपण नकळत थोडा जास्त श्वास घेतो, हा वायू बाहेर पडत राहतो, आणि घुसमट जाणवतच नाही. एप्रिल १८७५ मध्ये तीन फ्रेंच बलूनवीर ‘झेनिथ’ नावाच्या बलूनमधून ८,००० मीटरच्या वर गेले. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या सोबत होत्या. दोघांचा वरच मृत्यू झाला. वाचलेल्या गॅस्तों तिसांदिए यांनी लिहून ठेवलं की वेदना नव्हत्या, उलट आतून आनंद वाटत होता. नळी तोंडात धरायची होती, पण हात उचलेना. तुमच्या ‘मजा आली’शी मला हे ताडून पाहावंसं वाटलं.

कमी दाबाच्या प्रशिक्षण कक्षात मी हेच अनेकदा पाहिलं आहे. २५,००० फुटांइतकी विरळ हवा करून प्रशिक्षणार्थींना मास्क काढायला सांगतात आणि शंभरातून सात-सात वजा करायला देतात. त्या उंचीवर उपयोगी भान तीन ते पाच मिनिटं टिकतं. अक्षर बिघडतं, एकच उत्तर पुन्हा पुन्हा लिहिलं जातं, आणि चेहऱ्यावर मात्र हसू. ‘मास्क लावा’ असं स्पष्ट सांगितलेलं ऐकूनही काही जण लावत नाहीत. आपली पहिली खूण कोणती, चेहरा तापतो की बोटांना मुंग्या येतात, हे अशा कक्षातच कळतं. जमलं तर एकदा जाऊन या.

सप्टेंबर २०१४ मध्ये टीबीएम-९०० जातीचं एक छोटं टर्बोप्रॉप विमान अमेरिकेतून निघालं. २८,००० फुटांवर वैमानिकाने सांगितलं की विमानात काहीतरी चुकीचं दाखवतंय, १८,००० ला यायचं आहे. २५,००० ची परवानगी मिळाली. पुढे आणखी खाली यायलाही सांगितलं गेलं, पण विमान खाली आलंच नाही आणि शेवटी जमैकाजवळ समुद्रात कोसळलं. वैमानिकाचा स्वर शांत होता. अशा वेळी शांत स्वराचीच मला धास्ती वाटते.

आता क्लबमधल्या मंडळींबद्दल. १४,००० हा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकी नियमांत केबिनमधला दाब १२,५०० ते १४,००० फुटांवरच्या हवेइतका असेल तर वैमानिकाला ऑक्सिजनशिवाय अर्ध्या तासापर्यंत मुभा आहे, त्यावर सतत ऑक्सिजन लागतो. पण तिथलीच विमान वाहतूक यंत्रणा दिवसा १०,००० फुटांपासून आणि रात्री ५,००० पासूनच ऑक्सिजन वापरायचा सल्ला देते, कारण अंधारात पाहणारा डोळ्याचा पडदा ऑक्सिजनच्या बाबतीत फार खादाड आहे. तुमचं उड्डाण त्या नियमांत बसलंही असतं. मी तरी १०,००० ही रेघ मानते.

तरीही एक गोष्ट मला खटकते. निव्वळ उंचीमुळे आलेला गोंधळ खाली आल्यावर लवकर निवळतो. झोपेपर्यंतची डोकेदुखी आणि चालू हीटर एकत्र आले की मला कार्बन मोनॉक्साइडचा संशय येतो. तुमच्यासारख्या विमानात इंजिनाच्या धुराच्या नळीभोवतीच्या आवरणातून हवा तापवून आत घेतात; नळीला बारीक चीर गेली तरी धूर केबिनमध्ये येतो. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने चिकटतो आणि उतरल्यावरही कित्येक तास रक्तात राहतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसतो, आकडा चांगलाच दाखवतो. बायकोचंही डोकं दुखलं होतं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. तिला विचारा. आणि मेकॅनिककडून हीटर व धुराची नळी तपासून होईपर्यंत विमान उडवू नका. आवाज करणारा मोनॉक्साइडचा डिटेक्टर बसवा. नुसता ठिपक्याचा रंग बदलून इशारा देणारा डिटेक्टर नको, त्या ठिपक्याकडे बधिर झालेला माणूस बघत नाही.

त्यानंतर छोटा सिलिंडर आणि नाकातली नळी घ्या. १८,००० फुटांपर्यंत नळी चालते, त्यावर मास्क हवा. ऑक्सिमीटरही ठेवा, पण ‘९० खाली गेला की ऑक्सिजन’ हे जमिनीवरच ठरवा आणि आकडा बायकोला मोठ्याने वाचू द्या. काही विचित्र वाटलं तर आधी ऑक्सिजन, मग खाली, मग कारण शोधत बसा. ओठांना तेलकट मलम लावून ऑक्सिजन वापरू नका, आग लागू शकते.

प्रश्न : मी ग्लायडिंग शिकते. सर्दी असताना वर जाताना काही होत नाही, उतरताना मात्र कानात दडे बसून कळा येतात. गोळी घेऊन उडावं का?

उत्तर : नको. वर जाताना कानाच्या पडद्यामागची हवा प्रसरण पावून घशाकडे सहज निसटते. उतरताना तिला परत आत यावं लागतं आणि कान व घसा जोडणारी, सर्दीने सुजलेली नळी मिटून बसते. नाक दाबून हलकेच फुंकल्याने बऱ्याचदा मोकळं होतं. जोर लावला तर पडद्याला किंवा आतल्या कानाला इजा होऊ शकते. इंजिनाच्या विमानात निदान थोडं वर जाऊन पुन्हा सावकाश उतरता येतं, ग्लायडरमध्ये ती सोय क्वचितच. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी पेंग येते, आणि नाक मोकळं करणाऱ्या औषधाचा असर नेमका उतरताना संपू शकतो. जमिनीवर नाक दाबून दोन्ही कान मोकळे होत असतील तरच ग्लायडरमध्ये बसा.