डिकन्स लांबण लावत नव्हता. त्याला पानं मोजूनच मिळायची

प्रश्न असा आहे: "मला मालिका लिहायची आहे. आजच्या मालिका म्हणजे व्हिक्टोरियन क्रमशः कादंबऱ्याच, असं म्हणतात. डिकन्सला शब्दामागे पैसे मिळायचे म्हणून तो गोष्ट ताणायचा, हे खरं का? त्याच्याकडून काय शिकावं?"

चार्ल्स डिकन्स हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार. त्याला शब्दामागे पैसे मिळायचे, हे साफ खोटं आहे. मालिका ताणणारे स्वतःच्या बचावासाठी डिकन्सला पुढे करतात, म्हणून आधी तेच निकालात काढतो.

'पिकविक पेपर्स' या पहिल्या कादंबरीपासून (१८३६-३७) त्याचा साचा ठरून गेला: महिन्याला एक हप्ता, ३२ पानं, दोन चित्रं, किंमत एक शिलिंग. एकूण वीस भाग, शेवटचे दोन एकत्र, म्हणजे एकोणीस महिने. मोबदला हप्त्यामागे ठरलेला. तेहेतिसावं पान लिहून एक पेनीही जास्त मिळणार नव्हती, उलट मजकूर वाढला की प्रुफात कात्री लागायची. 'डॉम्बी अँड सन' या कादंबरीच्या पहिल्याच हप्त्यात ते झालं. कादंबरी कोणत्या महिन्यात संपणार हे पहिला हप्ता बाजारात येण्याआधीच ठरलेलं असे. आपल्याकडे टीआरपी आहे तोवर चालवा म्हणतात. हे त्याच्या बरोबर उलट आहे.

तो काम कसं करायचा, ते बघा. प्रत्येक हप्त्यासाठी एक कागद आडवा धरून त्याचे दोन भाग करायचा. उजवीकडे प्रकरणांची नावं आणि त्यांत काय घडणार. डावीकडे स्वतःलाच विचारलेले प्रश्न: अमुक पात्र या हप्त्यात आणायचं का? मग खाली उत्तर: हो, नाही, इतक्यात नको. 'ब्लीक हाउस' कादंबरीच्या कागदावर रस्ता झाडणाऱ्या पोराबद्दल लिहिलंय: जो? हो. मारून टाक. सगळी पात्रं दर हप्त्यात आणायची नसतात, पण कोणाला गाळलंय हे लेखकाला ठाऊक हवं. डावी बाजू त्यासाठी. मालिकेचा तक्ता करताना बहुतेक लोक फक्त उजवी बाजू भरतात, आणि साठाव्या भागात आठवतं की नायिकेचा भाऊ चाळिसाव्या भागापासून गायब आहे.

त्याच कादंबरीत क्रूक नावाचा म्हातारा आपोआप जळून राख होतो, तो धक्का डिसेंबर १८५२च्या हप्त्याच्या शेवटी आहे. वीसपैकी दहावा हप्ता, बरोबर मध्य. हा योगायोग नाही. शेवट माहीत असला तरच मध्य सापडतो.

साप्ताहिकाचं गणित वेगळं. 'हार्ड टाइम्स' (१८५४) दर आठवड्याला छापायची म्हणून त्याने आधी हिशेब मांडला: आपल्या हस्ताक्षरातलं दीड पान म्हणजे अंकाचं एक पान, आठवड्याला अंकाची पाच पानं, म्हणजे साडेसात पानं लिहायची. तरी जागा पुरत नाही म्हणून तो कुरकुरलाच. मासिक हप्त्यात तीन-चार प्रकरणं मावतात, दोन-तीन धागे पुढे सरकतात, शेवट शांतही चालतो. साप्ताहिकात एकच धागा मावतो आणि शेवटी पुढची उत्सुकता लावणारं काहीतरी ठेवावंच लागतं. तुमचा भाग बावीस मिनिटांचा असेल तर त्यात चार धागे कोंबू नका.

वाचक महिनाभर थांबतो आणि विसरतो. म्हणून 'डेव्हिड कॉपरफील्ड'मधला मिकॉबर "काहीतरी होईलच" म्हणत येतो, युराया हीप हात चोळत "मी आपला गरीब" म्हणत येतो. पात्र दोन ओळींत ओळखू यायला हवं. मागच्या भागाची उजळणी संवादात घुसडायची मग गरज पडत नाही.

रोजच्या मालिकांचा खरा पूर्वज हवा असेल तर तो डिकन्सच्याच काळातला इंग्रज लेखक रेनॉल्ड्स. 'मिस्टरीज ऑफ लंडन' १८४४पासून दर आठवड्याला: एक पेनी, आठ पानं, दोन रकाने, वर एक लाकडी ठशाचं चित्र. खपतंय तोवर चालू. नाव थोडं बदलून तेच पुढे १८५६पर्यंत चाललं. हा माणूस मराठीला परका नाही: हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' (१८८५) रेनॉल्ड्सच्याच धर्तीवर बेतलेली आणि क्रमशः छापलेली. तेव्हा मालिका ताणायचीच असेल तर रेनॉल्ड्सचं नाव घ्या, डिकन्सचं नको.

बीबीसीने २००५मध्ये 'ब्लीक हाउस' पंधरा भागांत केली, पहिला सोडून बाकी अर्ध्या तासाचे, आठवड्यातून दोनदा, सोपसारखे. ती जमली, कारण कुठे संपायचं हे मूळ लेखकानेच ठरवलेलं होतं.

डिकन्स खपाकडे बघतच नव्हता असं मात्र नाही. 'पिकविक'च्या पहिल्या हप्त्याच्या हजारभर प्रती छापल्या होत्या, चौथ्यात पिकविकचा हजरजबाबी नोकर सॅम वेलर आला, लोकांना आवडला, आणि शेवटी खप चाळीस हजारांवर गेला. सॅमला त्याने वाढवलंच. 'मार्टिन चझलविट' खपेना तेव्हा नायकाला अमेरिकेला धाडलं. पण वळण बदललं तरी हप्ते वीसच राहिले. चॅनेलशी बोलताना भागांचा आकडा आधी कागदावर घ्या, कथेचं नंतर बोला.