वाचकांचे प्रश्न: उकाडा खरा की आठवण खोटी?

तापमानवाढीविषयी गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रांतील प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न: “आमच्या लहानपणी एवढा उकाडा नव्हता,” असे मी म्हटले की माझा मुलगा म्हणतो, प्रत्येक पिढी हेच म्हणत आली आहे. माझी आठवण मला फसवत आहे का? आणि तज्ज्ञ नसलेल्या माणसाने हवामान बदल कशावरून ओळखावा?

उत्तर: आपल्या चिरंजीवांची शंका रास्त आहे. आठवण ही मोजमापाला कच्चीच असते. मात्र या बाबतीत ती फसवते ती बहुधा उलट्या दिशेने. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात समाजमाध्यमावरील दोनशे कोटींहून अधिक नोंदी तपासल्या गेल्या. तेव्हा असे दिसले की एखादे तापमान बोलून दाखवण्याइतके वेगळे वाटावे की नाही, हे माणसे साधारणतः मागील दोन ते आठ वर्षांच्या अनुभवावरून ठरवतात. म्हणजे काही वर्षे सलग उकाड्यात काढली की तोच उकाडा अंगवळणी पडतो आणि त्याविषयीची चर्चाही थांबते. आपल्याला जो फरक जाणवतो तो अतिशयोक्त असण्यापेक्षा कमी जाणवत असण्याचीच शक्यता मला अधिक वाटते.

म्हणून खुणा शोधताना भर दुपारकडे न पाहता रात्रीकडे पाहावे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून जगभरातील जमिनीवर रात्रीचे किमान तापमान दिवसाच्या कमाल तापमानापेक्षा जास्त वाढले आहे. मध्यरात्र उलटल्यावर पश्चिमेकडच्या भिंतीला तळहात लावून पाहा. ती अजून कोमट असेल, पंखा तीच गरम हवा फिरवत असेल आणि पहाटेपर्यंत उशी घामाने ओली होत असेल, तर शरीराला विसावा देणारी रात्र हरवत चालली आहे, असे समजावे. उष्णतेच्या लाटांत माणसे दगावतात त्यामागे हा न मिळालेला विसावा हे एक मोठे कारण असते. शहरात यात काँक्रीटचाही वाटा आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु शहरांपासून दूर, भर समुद्रातही तापमान वाढलेलेच मोजले गेले आहे.

दुसरी खूण तारखांची. झाडाला पहिला मोहर कधी आला, स्थलांतरित पक्षी कधी उतरले, तळे कधी गोठले, या तारखा माणसांनी लिहून ठेवल्या तेथे त्या आज अमोल पुरावा ठरल्या आहेत. जपानमधील सुवा सरोवर गोठले की नाही याची नोंद तेथील मंदिराचे पुजारी १४४३ पासून पिढ्यान्‌पिढ्या ठेवत आले. सरोवर गोठले की बर्फ तडकून त्याची उंच कड उभी राहते आणि ती देवाच्या पावलांची वाट आहे अशी श्रद्धा असल्याने ही नोंद निष्ठेने जपली गेली. पहिल्या सुमारे अडीचशे वर्षांत सरोवर न गोठल्याची नोंद अवघी तीन वेळा आहे. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत ते पाच वेळा गोठले नाही. क्योटो येथे चेरी बहरण्याच्या नोंदी बाराशे वर्षांमागे जातात आणि २०२१ मध्ये पूर्ण बहर २६ मार्चला, म्हणजे तोपर्यंतच्या संपूर्ण नोंदीत सर्वांत लवकर आला. या नोंदी करणाऱ्यांना हवामान बदल हा शब्दही ठाऊक नव्हता, त्यामुळे त्यांनी तो सिद्ध करण्यासाठी आकडे जुळवले असा आरोप कोणी करू शकत नाही.

प्रश्न: मागच्या हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडली. “कुठे आहे तुमची तापमानवाढ?” असे एका नातेवाइकाने विचारले. काय उत्तर द्यावे?

उत्तर: फेब्रुवारी २०१५ मध्ये अमेरिकी सिनेटर जेम्स इनहोफ यांनी सभागृहात बर्फाचा गोळा आणून हाच युक्तिवाद केला होता. ते २०१५ हे वर्ष, तोपर्यंतच्या नोंदींनुसार, संपूर्ण पृथ्वीसाठी सर्वांत उष्ण ठरले. एका ठिकाणची एका आठवड्याची थंडी ही हवा झाली. हवामान म्हणजे निदान तीस वर्षांची सरासरी. थंडीच्या लाटा यापुढेही येतील. फरक प्रमाणात पडतो. अमेरिकेत १९५० च्या दशकात उष्णतेचे आणि थंडीचे दैनंदिन उच्चांक-नीचांक जवळपास सारख्याच संख्येने मोडले जात होते. २००० च्या दशकात उष्णतेचे विक्रम थंडीच्या विक्रमांच्या सुमारे दुप्पट झाले.

प्रश्न: पृथ्वीचे हवामान तर कोट्यवधी वर्षे बदलतच आले आहे. सूर्य आणि ज्वालामुखी हीच कारणे नसतील कशावरून?

उत्तर: हवामान पूर्वीही बदलले, हे खरेच आहे, पण पूर्वी वीज पडून वणवे लागत, म्हणून आज माणूस आग लावू शकत नाही असे होत नाही. प्रत्येक वेळी कारण तपासावे लागते, आणि या वेळी ते तपासले गेले आहे. सूर्याची ऊर्जा उपग्रहांद्वारे १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून सतत मोजली जाते आणि तीत वाढीचा कल नाही. शिवाय सूर्य तापला असता तर वातावरणाचे सगळेच थर तापले असते. प्रत्यक्षात जमिनीलगतचे तपांबर तापत आहे आणि त्यावरचे स्थितांबर थंड होत आहे. खालची उष्णता कार्बन डायऑक्साइडने अडवली तर असेच घडायला हवे. ज्वालामुखींतून वर्षभरात बाहेर पडणारा हा वायू मानवी उत्सर्जनाच्या एक टक्क्याहूनही कमी असतो.

हा वायू आपलाच आहे याची खूणगाठ त्याच्या अणूंतच सापडते. कोळसा आणि खनिज तेल लक्षावधी वर्षे जमिनीखाली राहिल्याने त्यांतील किरणोत्सारी, म्हणजे काळाबरोबर आपोआप क्षीण होत जाणारा, कार्बन-१४ केव्हाच संपलेला असतो. ते जाळल्यावर तयार होणारा वायू हवेत मिसळतो आणि हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण पातळ करतो. हा परिणाम मोजला गेलेला आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरील मौना लोआ येथे १९५८ मध्ये मोजणी सुरू केली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे प्रमाण सुमारे ३१५ भाग होते. औद्योगिक क्रांतीपूर्वी ते सुमारे २८० होते आणि आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. हा वायू उष्णता धरून ठेवतो, हे तर अमेरिकी संशोधिका यूनिस फूट यांनी १८५६ मध्येच काचेच्या नळ्या उन्हात ठेवून पाहिले होते.

प्रश्न: आता फार उशीर झाला आहे का?

उत्तर: नाही. कार्बन डायऑक्साइडचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आले, म्हणजे जेवढा वायू हवेत सोडला तेवढाच परत काढून घेतला गेला, की तापमानाची पुढील वाढ जवळजवळ थांबेल, असे आजचे विज्ञान सांगते. समुद्राची पातळी मात्र त्यानंतरही दीर्घकाळ वाढत राहील. अंशाच्या प्रत्येक दशांशाने फरक पडतो.

प्रश्न: माझे थोरले बंधू उच्चशिक्षित आहेत, तरी हे सगळे थोतांड आहे असे ते मानतात. पुरावे दाखवले की भांडण होते. शिकलेली माणसे असे का करतात?

उत्तर: या पत्राने मला सर्वांत अस्वस्थ केले. आपल्या बंधूंच्या मनातील शंका त्यांनी एकट्याने तयार केलेली नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. सिगारेट कंपन्यांनी काही दशकांपूर्वी जी रीत वापरली, म्हणजे विज्ञान खोडून न काढता केवळ ‘अजून वाद आहे’ असे वातावरण ठेवायचे, तीच पुढे इंधन उद्योगातील अनेकांनी उचलली. एक्सॉन या अमेरिकी तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून केलेले तापमानवाढीचे अंदाज पुढे प्रत्यक्षाशी बऱ्याच अंशी जुळले, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. त्याच कंपनीने जाहीरपणे मात्र अनेक वर्षे अनिश्चिततेवर भर दिला. हा अपराध मी लहान मानत नाही.

पण ही शंका रुजते, कारण तिला आत जागा असते. बदल मान्य केला की आपली नोकरी, गाडी, प्रवास, मुलांचे भवितव्य, सगळ्याविषयी अवघड प्रश्न उभे राहतात. त्यामुळे नकार माघार घेत घेत रूप बदलतो: आधी ‘असे काही घडतच नाही’, मग ‘घडते पण नैसर्गिक आहे’, शेवटी ‘आता काही करता येणार नाही’. शिकलेल्या माणसाला आपल्या बाजूची कारणे शोधण्याचे कौशल्य अधिक असते, म्हणून शिक्षणाने हा नकार आपोआप विरघळत नाही. आणखी एक आलेख पुढे केल्याने ते फक्त आणखी एक उत्तर शोधतील.

माझी सूचना वेगळी आहे. त्यांच्याशी जगाच्या तापमानाविषयी वाद घालू नका. एक साधा तापमापक सावलीत, भिंतीपासून जरा दूर टांगा आणि रोज पहाटेचा आकडा लिहिण्याची त्यांना विनंती करा. अंगणातील एखादे झाड ठरवून त्याच्या पहिल्या फुलाची तारीखही लिहा. दोन-चार वर्षांच्या नोंदीतून कल दिसणार नाही, हे त्यांना आरंभीच सांगा. शेजारी हवामान खात्याच्या जुन्या नोंदींतील त्याच महिन्याचे आकडे लिहून ठेवा, म्हणजे तुलनेला आधार राहील. वही एकच असू द्या आणि आकडा एक दिवस त्यांनी, एक दिवस आपण लिहा.