गावच्या घराचं इंटेरियर आजूबाजूच्या निसर्गाशी जुळणारं कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की कोकणात चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं घर बांधून होतंय आणि आत आल्यावर पण कोकणातच असल्यासारखं वाटलं पाहिजे. आमचं घर देवगडकडे, त्यामुळे आधी माझा गाढवपणा सांगतो. मी हॉलमध्ये मोठ्या हिरव्या पानांचा वॉलपेपर लावला होता, तो बघून काकी म्हणाली, "भायर इतकी झाडां आसत, मगे भिंतीर कागदाची कित्याक?" पहिल्याच पावसात तो कागद फुगला आणि एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या) कपाटाला आतून बुरशी आली, म्हणजे काकी जिंकली.

तेव्हा पहिलं म्हणजे शक्य असेल तर एक पावसाळा त्या घरात काढा आणि मगच सुताराला बोलवा. फोटो आपण मे महिन्यातले बघतो, पण जून ते सप्टेंबर घरात हिरवट अंधार असतो. गडद लाकूड, गडद रंग, वर पीओपी असलं काही केलंत तर दुपारी पण लाईट लावून बसाल. आम्ही शेवटी भिंतींना चुना मारला, खाली वीतभर काव (लाल मातीचा रंग) आणि स्वयंपाकघरावर दोन काचेची कौलं बसवली, पूर्वी आजीच्या घरी होती तशीच. एवढ्या स्वस्तात एवढा फरक दुसऱ्या कशाने पडला नाही!

चिरा आतून उघडा ठेवायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. एकच भिंत ठेवा आणि ती पश्चिमेची नको, कारण पाऊस तिकडूनच झोडपतो आणि ओल आत येते. शिवाय जांभ्याची लाल भुकटी पडत राहते आणि भोकांत मुंग्या घर करतात, त्यामुळे पलंग तिथे टेकवू नका.

जमीन लाल ऑक्साइडच्या कोब्याची, म्हणजे लाल रंग घालून घोटलेल्या सिमेंटची केलीय, बाहेरच्या मातीचाच रंग आत आल्यासारखा वाटतो आणि पायाला गार लागते. पण घोटणारा जुना गवंडी शोधा आणि आठवडाभर तरी पाणी मारून घ्या, आमच्याकडे घाई झाली आणि एका खोलीत भेगा पडल्या त्या पडल्याच.

लाकूड फणसाचं मिळालं तर बघा, नवीन असताना पिवळंधमक दिसतं म्हणून घाबरू नका, वर्षं जातील तसं तांबूस होत जातं. त्याला पॉलिशवाल्याकडून सागाचा रंग देऊ नका प्लीज.

खिडकीची एक गोष्ट कोणी सांगत नाही, माजघरातली एक तरी खिडकी इतकी खाली घ्या की जमिनीवर बसल्यावर माड बुंध्यापासून दिसला पाहिजे, नाहीतर नुसतं आभाळ दिसतं.

घर समुद्रापासून किती लांब ते तुम्ही लिहिलं नाही. खारा वारा येत असेल तर बिजागऱ्या आणि कड्या पितळेच्याच घ्या, लोखंडी दोन वर्षांत गंजून जाम होतात.